मुक्ताचा डावा गाल

माझ्या मुलीचा, मुक्ताचा, डावा गाल पहिल्यांदा सुजला तेव्हा ती चार वर्षांची होती. माझे धाकटे दीर, सुहासभाऊजी, तिला खांद्यावर बसवून टावर चौकात कुल्फी खायला घेऊन गेले होते. घरी आली ती गाल धरूनच. अंधार पडेपर्यंत गाल असा फुगला की कानाची पाळीसुद्धा वर उचलली गेली. सासूबाईंनी दारातूनच बघितलं आणि सांगून टाकलं, गालफुगी आहे. शेजारच्या भाभींनी गच्चीवरून शिक्कामोर्तब केलं, गलसुआ है. आमच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं आणि तापाचं औषध दिलं. पहिल्या वेळी कोणाचंच काही चुकलं नाही, त्या सुजेकडे बघून मीही तेच म्हटलं असतं.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. तरी अजून फोन येतात. कोणाकडून तरी माझा नंबर मिळवतात आणि विचारतात, ताई, आमच्या मुलाचा गाल सारखा सुजतो, तुमच्या मुलीचं काय केलंत? फोनवर मी आजाराचं सगळं सांगते. बाकीचं सांगत नाही, कारण समोरच्या माणसाचं पोर आधीच तापलेलं असतं आणि माझं रडगाणं त्याने कशाला ऐकावं. म्हणून एकदा लिहून काढते आहे. औषधांची माहिती हवी असेल तर डॉक्टरांना विचारा. मी शाळेत भूगोल शिकवायचे, मला त्यातलं कळत नाही.

गालफुगी

आमच्या घराण्याला शिंदेशाहीच्या नोकरीपायी उज्जैनला येऊन इतक्या पिढ्या झाल्या की आम्ही मराठी बोलतो की हिंदी, हे पुण्याच्या पाहुण्यांना ठरवता येत नाही. घरात सासूबाई, मुक्ताचे बाबा, मी, मुक्ता आणि भाऊजी. मुक्ताचे बाबा बँकेत. भाऊजींनी नोकरीच्या फंदात न पडता टावर चौकाजवळ एसटीडी-पीसीओचा बूथ टाकला होता. तेव्हा त्या धंद्याची चलती होती, रविवारी बाहेर रांग लागायची. मुक्ता काउंटरवर मांडी घालून बसायची आणि मीटरचे लाल आकडे मोठ्याने वाचायची. आकडे ती शाळेत नाही, तिथे शिकली. गिऱ्हाइकं तिच्याकडे बघून हसायची आणि हिचा उत्साह वाढायचा. काकाला ती अरे-तुरे करायची, आणि आम्ही कोणी रागावलो तर तेच आमच्यावर डोळे वटारायचे.

गाल आठवड्याभरात उतरला. तीन-चार महिन्यांनी पुन्हा सुजला. परत डावाच. मग पावसाळ्यात, मग दिवाळीला. ताप यायचा, गाल दगडासारखा व्हायचा आणि घास तोंडात घातला की कळ जायची. पुढे पुढे ताट बघूनच ती रडायला लागायची. मला कीव यायची आणि वैतागही यायचा, दोन्ही एकाच वेळी. आजारी मुलाच्या आईला वैताग येतो हे कोणी लिहीत नाही, पण येतो.

डॉक्टरांना मी विचारलं की गालफुगी एकदाच होते ना, मग हिला पुन्हा पुन्हा कशी? ते म्हणाले, बच्ची कमज़ोर है, इसको बार-बार पकड़ती है. मोठे डॉक्टर, सगळा मोहल्ला त्यांच्याकडे जाणारा. त्यांच्यापुढे मी आणखी काय बोलणार?

मग घरचे नियम सुरू झाले. गाल सुजला की मुक्ताची रवानगी मागच्या खोलीत. शाळा बंद, कारण मॅडम सांगायच्या की बाकी बच्चों को भी देखना पड़ता है. आणि आंबट बारा महिने बंद. लिंबू, चिंच, कैरी, दही, सगळं. उज्जैनमध्ये राहून पोह्यावर लिंबू नाही म्हणजे काय शिक्षा आहे ती इथल्या माणसालाच कळेल. भैरवगढच्या रस्त्याला एक कुंभार होता. गलसुआ झालेल्या मुलांच्या गालाला तो चाकावरची ओली माती लावून द्यायचा, इथे तशी रीतच आहे. सासूबाई तिला रिक्षाने तिकडे घेऊन जायच्या. मातीने गार वाटायचं म्हणे तिला, आणि परत येताना ती झोपून जायची.

मागच्या खोलीत तिच्यापाशी बसायला एकच माणूस निर्धास्त जायचा. दुपारी बूथ कामाला ठेवलेल्या पोराच्या भरवशावर टाकून भाऊजी यायचे आणि तिला कडेवर घेऊन गच्चीवर फिरवायचे. तिची उरलेली पेज स्वतः संपवायचे. सासूबाई ओरडायच्या, तुझं लग्न व्हायचंय रे, लांब राहा. ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

आणि मग एकदा भाऊजींचाच जबडा सुजला.

ठणका इतका की तोंड उघडेना. मोठ्या पुरुषाला गालफुगी झाली तर ती "खाली उतरते" आणि मग त्याला मूल होत नाही, असं आमच्याकडे सगळ्या बायकांना माहीत असतं आणि ते कुजबुजतच बोललं जातं. सासूबाईंनी ते मला स्वयंपाकघरात, नळ सुरू ठेवून सांगितलं. मी त्यांना म्हटलं, आई, काहीतरीच काय. भाऊजी स्वतः हसले. आठवड्याने बरे झाले आणि बूथवर गेले. पण सासूबाईंच्या मनातून ते गेलं नाही, आणि भाऊजींच्याही गेलं नव्हतं, हे आम्हाला फार नंतर कळलं.

वेगळं घर

पुढच्याच वर्षी भाऊजींचं लग्न झालं. नीता ग्वाल्हेरची. हसरी, बडबडी, मला जाऊ नाही, तर मैत्रीण मिळाल्यासारखं झालं. पण दिवस जात होते आणि पाळणा काही हलत नव्हता. नीताने तपासण्या केल्या, उज्जैनला आणि मग इंदूरलाही. तिच्यात काही निघालं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता मिस्टरांना पाठवा. मिस्टर काही जाईनात. आज बूथवर माणूस नाही, उद्या लाईनवाला येणार आहे. शेवटी मुक्ताच्या बाबांनी खोदून विचारलं तेव्हा भाऊजी म्हणाले, काय निघणार ते मला माहीत आहे, कागदावर कशाला बघायचं.

एका दुपारी नीता भाजी निवडता निवडता रडायला लागली. सासूबाईंना राहवलं नाही. तिची समजूत घालायची म्हणून त्यांनी सगळं सांगितलं. तुझ्यात काही दोष नाही बाळ, सुहासला मुक्ताची गालफुगी लागली होती, त्याचंच हे. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, सून स्वतःला बोल लावते हे त्यांना बघवत नव्हतं. नीताने माझ्याकडे बघितलं. मी पालक निवडत राहिले.

नीता कधी वाकडं बोलली नाही. फक्त मुक्ता खोलीत आली की तिला काहीतरी काम आठवायचं. काही महिन्यांनी भाऊजींनी ऋषिनगरमध्ये भाड्याने घर घेतलं. जागा कमी पडते, असं कारण सांगितलं. ते गेल्यावर आमच्याकडे दोन खोल्या रिकाम्या पडल्या.

त्यानंतर भाऊजी सणासुदीला यायचे, दारातल्या खुर्चीत बसायचे, चहा घ्यायचे आणि उठायचे. मुक्ताची चौकशी ते माझ्याकडे करायचे, ती घरात असली तरी. ती सुरुवातीला बूथवर जायचा हट्ट करायची. मग तिने विचारणंच सोडलं. काका आला की ती पुस्तक घेऊन आतल्या खोलीत जायची. मला वाटलं, पोरं लवकर विसरतात, बरंच झालं.

इंदूर

मुक्ता नऊ वर्षांची असताना गालात पू झाला. इथल्या एका सर्जनने सांगितलं की ही लाळेची गाठच खराब झाली आहे, कानापुढून कापून ती काढून टाकू. तिथूनच चेहऱ्याची नस जाते, म्हणून एखाद्या वेळी हसताना तोंड वाकडं होऊ शकतं, असंही म्हणाले. ते प्रामाणिकपणे सांगत होते. मुलगी आहे, आणि उभं आयुष्य वाकड्या तोंडाने काढणार, एवढंच मला दिसत होतं.

बँकेतल्या कोणीतरी इंदूरच्या एका कान-नाक-घशाच्या डॉक्टरांचं नाव सुचवलं. तरुण डॉक्टर होते, बाहेर शिकून आलेले. त्यांनी मुक्ताचा गाल बाहेरून दाबला आणि टॉर्चने आतून बघितलं. वरच्या दाढेसमोर गालाच्या आत एक बारीक छिद्र असतं, लाळ तिथून तोंडात येते. तिथून लाळेऐवजी पांढरे कण आले. मग मुक्ताला वजन करायला नर्सबरोबर बाहेर पाठवलं आणि त्यांनी विचारलं, "इसके साथ घर में, क्लास में, कभी किसी और को हुआ?"

मी आधी नाही म्हटलं. मग म्हटलं, इसके चाचा को, एक बार.

कब, किस तरफ, मुँह खुलता था क्या, असं त्यांनी विचारलं. मुक्ताचे बाबा सांगायला लागले की तोंड अजिबात उघडत नव्हतं, आणि पुढे त्याच महिन्यात त्याची अक्कलदाढ काढावी लागली होती. बोलता बोलता ते थांबले. डॉक्टर लिहीतच होते.

"तो फिर वो दाढ़ ही रही होगी," ते म्हणाले. "ये बीमारी किसी को लगती नहीं."

मग त्यांनी आम्हाला समजावून सांगितलं. ही गालफुगी नव्हे, कधीच नव्हती. काही मुलांमध्ये लाळेची नळी आतून अरुंद होते, लाळ अडकते, साचते आणि पिकते. मोठी झाली की बऱ्याच मुलांची आपोआप बरी होते. कापाकापी करायची गरज नाही. उदबत्तीच्या काडीपेक्षा बारीक दुर्बीण त्या छिद्रातूनच आत घालायची, नळी मोकळी करून धुवायची. मुंबईचे एक सर्जन अधूनमधून आपली दुर्बीण घेऊन इंदूरला येतात, त्यांच्याकडून करून घेऊ. तोवर गाल चोळा, पाणी भरपूर पाजा आणि आंबट द्या. लिंबू चोखायला दिलं की लाळ सुटते आणि नळी धुतली जाते.

लिंबू. मी डॉक्टरांकडे बघतच राहिले. तिला आम्ही इतकी वर्षं ज्या एका गोष्टीपासून लांब ठेवलं, ती तिला रोज द्यायला हवी होती.

परतीच्या बसमध्ये मुक्ता माझ्या मांडीवर झोपली. गाठ काढायची नाही, तोंड वाकडं होणार नाही, मला खरं तर नाचायला हवं होतं. अर्ध्या वाटेवर सांवेर आलं. मुक्ताचे बाबा म्हणाले, सुहासला हे कसं सांगायचं? मी म्हटलं, आधी हिचं ऑपरेशन होऊ दे, एका वेळी एकच निस्तरू. त्यांनाही ते पटलं. तेव्हा ते शहाणपणाचंच वाटलं होतं.

ऑपरेशनच्या दिवशी

मोठ्या माणसांना हे जागेपणी करतात, लहान मुलांना भूल देतात. त्या भुलीनेच माझा जीव टांगणीला लागला होता. मुक्ता सकाळपासून उपाशी, हिरवा गाऊन घालून कॉटवर बसलेली. बाजूच्या कॉटवर टॉन्सिलचा एक मुलगा आइस्क्रीमच्या नावाने भोकाड पसरून रडत होता. मुक्ता रडली नाही. केरळी सिस्टर तिच्या हाताला सुई लावताना म्हणाल्या, बहुत बहादुर बच्ची है. मला त्याचा अभिमान वाटला.

सिस्टर गेल्यावर मुक्ता मला म्हणाली, "आई, हे झालं की काकाला बाळ होईल ना?"

मला आधी कळलंच नाही ती काय विचारते आहे. मग तिनेच सांगितलं, सावकाश, शाळेतला धडा सांगावा तसं. त्या दुपारी आजी काकूला सांगत होती तेव्हा ती दाराआड होती. तिच्या गालातलं काहीतरी काकाला लागलं आणि म्हणून त्याला बाळ होत नाही. आता डॉक्टर ते धुऊन काढणार आहेत. काका आला की ती आत जायची ती त्यासाठीच, त्याला आणखी लागू नये म्हणून.

मी तिला घट्ट धरलं. म्हटलं, नाही ग सोन्या, तुझ्यामुळे कोणालाही काही झालेलं नाही, डॉक्टरांनी सांगितलंय. ती म्हणाली, पण आजी म्हणाली ना. तेवढ्यात स्ट्रेचर आलं. दारातून आत जाताना ती माझ्याकडे नाही, छताकडे बघत होती.

बाहेरच्या बाकावर मी रडले. मुक्ताच्या बाबांना वाटलं, भुलीची भीती वाटते आहे. मी त्यांना सगळं सांगितलं तेव्हा ते उठले आणि कॉरिडॉरच्या टोकाला जाऊन खिडकीपाशी उभे राहिले. मला सासूबाईंचा राग येत होता, नीताचा, भाऊजींचा, त्या मोठ्या डॉक्टरांचा, सगळ्या उज्जैनचा. तिने हे सगळं एकटीने मनात ठेवलं होतं आणि आम्ही तिला समजूतदार मुलगी म्हणत होतो.

ऑपरेशन नीट झालं. सर्जन बाहेर येऊन म्हणाले, एका जागी नळी फार अरुंद होती, ती रुंद केली, नासक्या दुधासारखे कण निघाले, सगळं धुतलं. बाहेरून एक टाकाही नव्हता. आत सोडलेल्या पाण्यामुळे गाल मात्र पुरीसारखा टम्म फुगला होता. शुद्धीवर आल्यावर तिने हात लावून बघितला आणि तिचा चेहरा पडला. तिला वाटलं, झालंच नाही. दुसऱ्या दिवशी सूज उतरली तेव्हा सिस्टरनी मीठ लावलेली लिंबाची फोड आणून दिली. सगळ्या वॉर्डसमोर तिने ती चोखली, डोळे मिटून, तोंड वेडंवाकडं करून. त्या दोन दिवसांत मी तेव्हाच एकदा हसले.

त्यानंतर तिचा गाल एकदाच थोडासा सुजला, चोळल्यावर आणि लिंबावर उतरला. मग कधीच नाही. आता ती नोकरी करते आणि पाणीपुरीच्या गाडीवर आंबट पाणी दोनदा मागून घेते.

सांगायला गेलो

घरी आलो त्याच आठवड्यात आम्ही दोघं ऋषिनगरला गेलो. मुक्ताच्या बाबांनी सगळं सांगितलं, मुक्ताने विचारलेलंही. अक्कलदाढेचं आलं तेव्हा भाऊजींचा हात आपोआप जबड्यावर गेला. नीता उठली, गॅसवरचं दूध उतरवलं आणि पुन्हा येऊन बसली. मग ती नवऱ्याला म्हणाली, "तुम्ही एकदा तपासून घेतलं असतं." एवढंच. त्यापेक्षा तिने आदळआपट केली असती तर बरं झालं असतं.

पुढे भाऊजींनी तपासून घेतलं. काहीच निघालं नाही, सगळं ठीक. मग दोघांनी इंदूरला उपचार घेतले, ते लागू पडले नाहीत, आणि एक दिवस त्यांनी ते थांबवले. डॉक्टर म्हणाले, कधी कधी कारण सापडत नाही. तरुणपणीची वर्षं हातची गेली ती गेलीच. सासूबाईंना कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, मला वाटलं ते मी बोलले. नंतर त्या कित्येक दिवस देवघरातच जास्त वेळ बसायच्या. मी त्यांना बोलायला गेले आणि तशीच परत आले, काय बोलणार त्या बाईला.

म्हणून फोन करणाऱ्यांना मी सांगते ते इथेही लिहिते. गाल दुसऱ्यांदा सुजला की डॉक्टरांना पहिला प्रश्न विचारा, हे कोणाला लागतं का? उत्तर मिळालं नाही तर दुसऱ्या डॉक्टरांकडे जा. आणि घरात जे बोलाल ते पोर ऐकतंय असं धरूनच बोला.

ऋषिनगरला जाऊन आलो, त्यानंतरच्या रविवारी भाऊजी आले. एकटेच. मुक्ता सवयीने पुस्तक उचलून आत निघाली, तिला मी हात धरून थांबवलं. भाऊजी दारातल्या खुर्चीत बसले नाहीत. आत आले आणि तिच्यासमोर जमिनीवरच बसले. कितीतरी दिवसांनी मी त्यांना तिच्या इतक्या जवळ बघत होते.

"मुक्ता, ऐक," ते म्हणाले. "तुझ्यामुळे काकाला काही झालं नाही. तुझं दुखणं मला लागलंच नव्हतं. कधीच नाही. मला तुझा कधी राग आला नव्हता."

मुक्ताने नीट ऐकून घेतलं. माझ्याकडे बघून खात्री करून घेतली. मी मान हलवली. मग तिने त्यांच्याकडे बघितलं. आवाजात राग नव्हता, तिला खरोखरच कळत नव्हतं.

"मग तू इतके दिवस माझ्याकडे का नाही आलास?"

भाऊजींनी माझ्याकडे बघितलं. मुक्ता त्यांच्यासमोर तशीच उभी होती, उत्तराची वाट बघत.